खाऱ्या पाण्याची काचपेटी : पाणी बदलणे आणि काच स्वच्छ ठेवणे

गप्पी, मॉली किंवा गोल्डफिश ठेवलेली गोड्या पाण्याची काचपेटी आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. त्यामानाने खाऱ्या पाण्याची पेटी अजूनही थोड्याच दिवाणखान्यांत दिसते. जिथे ती असते तिथे तिची कहाणी बहुधा ठरलेली असते. पहिले दोन-तीन महिने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश छान खेळतात. नंतर एक मासा खाणे सोडतो, दुसरा कोपऱ्यात धापा टाकू लागतो आणि काही दिवसांत पेटी रिकामी होते. दोष विक्रेत्याला दिला जातो, क्वचित नशिबाला. खरे कारण बहुतेक वेळा पाण्यात असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही, कारण बिघडलेले खारे पाणीही स्फटिकासारखे स्वच्छ दिसू शकते. खाऱ्या पाण्यातील मासे तुलनेने महाग असतात. त्यांतील अनेक जाती बंदिस्त जागेत वाढवलेल्या नसून प्रत्यक्ष समुद्रातून पकडलेल्या असतात. म्हणून पाणी कसे व किती बदलावे आणि काच कशी पुसावी, या दोन साध्या वाटणाऱ्या कामांकडे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे.

प्रवाळभित्तीवरील माशाला एकसारख्या परिस्थितीची सवय असते. तिथल्या पाण्याची लवणता, म्हणजे एक किलो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ३५ ग्रॅमच्या आसपास असते आणि दिवसामागून दिवस ती फारशी हलत नाही. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कमी-अधिक खारे असले तरी त्यातील सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि सल्फेट यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळपास सर्वत्र सारखे असते, असे त्यातून दिसून आले. आज दुकानात मिळणारे मत्स्यपेटीचे कृत्रिम मीठ याच स्थिर प्रमाणावर बेतलेले असते. त्याहीआधी, १८५४ च्या सुमारास, फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अवघी चार लवणे मिसळून घरगुती समुद्रजल तयार केले होते.

पाणी का बदलायचे

माशाची विष्ठा, त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया आणि न खाल्लेले अन्न हे सर्व पेटीतच राहते. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया अगदी अल्प प्रमाणातही माशांना घातक असतो. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ इतका चढा असल्याने त्यातील विषारी भागही गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते, पण त्याला बाहेर जायला वाट नसते. ते साचत जाते. त्याच्यासोबत फॉस्फेट साचते आणि पाण्याला पिवळसर छटा देणारी सेंद्रिय द्रव्येही साचतात. उलट कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट यांचा साठा घटत जातो, कारण शिंपले, गोगलगाई आणि दगडांवरचे गुलाबी शैवाल त्यांतून आपले कवच घडवत असतात. पाणी बदलल्याने साचलेले बाहेर जाते आणि घटलेले भरून येते.

किती बदलावे, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा हिशेबाने ठरवणे बरे. समजा, पेटीतील नायट्रेट दर आठवड्याला ५ पीपीएमने वाढते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर नायट्रेट चढत चढत अखेर ५० वर स्थिरावते. प्रत्येक बदलानंतर ते ४५ होते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ५० ला पोहोचते. वीस टक्के बदलले तर हीच पातळी २५ आणि २० यांच्यामध्ये राहते. पंचवीस टक्क्यांना ती २० आणि १५ वर येते. फक्त मासे असलेल्या पेटीत ४० पर्यंत नायट्रेट बहुतेक जाती सहन करतात. प्रवाळ किंवा नाजूक अपृष्ठवंशी प्राणी असतील तर ते ५ ते १० च्या आसपास हवे. ‘दर आठवड्याला दहा टक्के’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम कमी मासे आणि मोजके अन्न असलेल्या पेटीलाच पुरतो, हे या आकड्यांवरून लक्षात येईल. दिवसातून तीनदा मूठभर अन्न टाकणाऱ्या घरात तो अपुरा पडणारच. तिथे बादल्या वाढवण्याआधी अन्न कमी करणे हा स्वस्त आणि अधिक चांगला उपाय आहे.

थोडे थोडे पाणी अनेकदा बदलण्यात नासाडी होते, असा एक आक्षेप असतो. तो गणिताच्या दृष्टीने खरा आहे. एकाच वेळी ५० टक्के पाणी बदलले तर निम्मे नायट्रेट जाते. दहा-दहा टक्क्यांचे पाच बदल केले तर सुमारे ४१ टक्केच जाते. परंतु मासा हिशेबाच्या वहीत राहत नाही. निम्मे पाणी एका तासात बदलले की तापमान, लवणता आणि पीएच तिन्ही एकदम सरकतात आणि त्या धक्क्यातून उद्भवणारे आजार नायट्रेटपेक्षा लवकर मारतात. अनेक महिने दुर्लक्षित राहिलेल्या पेटीबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. तिथले मासे वाईट पाण्याला हळूहळू सरावलेले असतात. अपराधी भावनेने एका रविवारी सगळे स्वच्छ करायला घेतले की सोमवारी सकाळी मासे तरंगताना दिसतात. अशा पेटीत दर दोन-तीन दिवसांनी दहा टक्के बदल करीत दोन-तीन आठवड्यांत तिला वाटेवर आणावे. याला अपवाद एकच. चाचणीत अमोनिया आढळला, पेटीत कीटकनाशक गेले किंवा एखादा मोठा मासा दगडामागे मरून कुजला, तर ३० ते ५० टक्के पाणी ताबडतोब बदलावे लागते. त्या वेळी धक्क्यापेक्षा विष मोठे असते.

उडालेले पाणी आणि बदललेले पाणी

या दोहोंतील फरक न कळल्याने जितक्या पेट्या बिघडतात तितक्या दुसऱ्या कशाने क्वचितच बिघडत असतील. पेटीतून बाष्पीभवनाने जाते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून रोजची घट गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरून काढायची असते. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीचे आकारमान सुमारे १२७ लिटर भरते. दगड-वाळूची जागा आणि वरची मोकळी पट्टी वजा करता तिच्यात प्रत्यक्ष पाणी १०० लिटरच्या आसपास असते. तिच्यातून रोज एक लिटर उडते असे धरू. ते खाऱ्या पाण्याने भरले तर दररोज ३५ ग्रॅम मीठ वाढते आणि महिनाभरात लवणता ३५ वरून ४५ च्या पुढे जाते. काचेवर बाहेरून एक चिकटपट्टी लावून पाण्याची पातळी आखून ठेवावी आणि रोज सकाळी तिथपर्यंत गोडे पाणी घालावे. पाणी बदलण्यापूर्वीही आधी ही घट भरून घ्यावी, मगच लवणता मोजावी. नाहीतर मोजलेला आकडाच चुकीचा असतो.

दाराशी समुद्र असताना

गोव्यात राहणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो की मिरामार किंवा कोलव्याला दोन पिंपे भरून आणली तर मीठ विकत घेण्याचे कारण काय? नैसर्गिक समुद्रजल वाईट नसते. मात्र किनाऱ्यालगतचे पाणी म्हणजे खुला समुद्र नव्हे. मिरामार हे तर मांडवीचे मुखच. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी इतके गोडे पाणी आणतात की मुखाजवळची लवणता फार खाली येते. त्यासोबत गाळ, सांडपाणी आणि शेतातील खते येतात. पावसाच्या सुरुवातीच्या काळात किनाऱ्यावर डांबरगोळे येऊन लागतात, ते तर सर्वांनीच पायाखाली अनुभवले आहेत. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, पश्चिम किनाऱ्यालगत खालच्या थरातील प्राणवायू जवळजवळ संपलेले पाणी वर सरकलेले असते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. फेब्रुवारी ते मे या काळात कधीकधी ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्मजीवाचा भुशासारखा तवंग समुद्रावर पसरतो. तेव्हा समुद्राचे पाणी आणायचेच असेल तर ते कोरड्या हंगामात, नदीमुखापासून आणि वस्तीपासून दूर, भरतीच्या वेळी घ्यावे. ते दाट कापडातून गाळावे, झाकून अंधारात दोन-तीन आठवडे ठेवून निवळू द्यावे आणि लवणता व अमोनिया तपासूनच वापरावे. इतके सोपस्कार पाहिल्यावर कृत्रिम मीठ पुष्कळ स्वस्त वाटू लागते.

दुसरी कल्पना मिठागराच्या मिठाची. रायबंदर, नेरूल, आगरवाडा येथे समुद्राच्याच पाण्यापासून मीठ पिकत आले आहे, मग तेच पुन्हा पाण्यात विरघळवले तर समुद्रजल का होऊ नये? उत्तर मिठागरातच आहे. पाणी आटत जाते तसे आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचा मोठा भाग शेवटच्या कडू पाण्यात राहतो आणि ते पाणी सोडून दिले जाते. हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. जेवणात ते उत्तम, पण पेटीत मात्र अर्धा समुद्र गायब असतो. स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मिठाचेही तेच. शिवाय त्यात गोळे होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्ये असतात.

मीठ विरघळवायचे पाणी मीठाइतकेच महत्त्वाचे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. उघड्या पिंपात हवेचा बुडबुडा सोडून चोवीस तास ठेवल्यास ते बहुतांशी निघून जाते, पण नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट जात नाहीत. जांभ्या दगडातील विहिरीच्या पाण्यात लोह असू शकते. शैवाल आणि काचेवरील तपकिरी थर यांना हीच द्रव्ये पोसतात. म्हणून आरओ पाणी वापरावे आणि त्यापुढे डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनचे नळकांडे असल्यास अधिक चांगले. इथे एक बारकावा आहे. घरातील पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. त्यामुळे त्याच्या नळाला टीडीएस ५० ते १०० सुद्धा दिसू शकतो. खनिजे मिसळण्याआधीच्या नळीतून पाणी घेता येते का ते तंत्रज्ञाला विचारावे. पाणी साठवायला तांब्याचा हंडा किंवा पितळी कळशी कधीही वापरू नये. तांब्याचा अंश माशांनी एकवेळ सोसला तरी कोळंबी, गोगलगाई आणि खेकडे यांना तो मारतो. अन्नाच्या दर्जाचे प्लास्टिकचे पिंप आणि साबण कधीच न लागलेल्या दोन बादल्या या कामासाठी वेगळ्या ठेवाव्यात. त्यांवर रंगाने खूण करावी, म्हणजे धुणीभांड्यांच्या गडबडीत त्या तिकडे जात नाहीत.

आधी पाणी, मग मीठ, हा क्रम मोडू नये. मीठ तळाशी टाकून वर पाणी ओतले तर त्या घट्ट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. २० लिटर पाण्याला साधारण पाऊण किलो मीठ लागते. नेमके प्रमाण कंपनीनुसार बदलते, ते पिशवीवर पाहावे. पिंपात लहान पंप सोडून पाणी फिरत ठेवावे. काही तासांत ते निवळते, तरी रात्रभर ठेवलेले बरे. मग लवणता मोजावी. झुलत्या काट्याचे प्लास्टिकचे हायड्रोमीटर स्वस्त असते, पण काट्याला चिकटलेला एक बुडबुडाही आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा. तो शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवला म्हणून ३५ ला बरोबर दाखवीलच असे नाही. ३५ लवणतेचे प्रमाणित द्रावण घेऊन अधूनमधून पडताळावे. विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत हाच आकडा २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.०२६ होतो. नवे आणि जुने पाणी यांच्या लवणतेत एकापेक्षा जास्त आणि तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा. प्रवाळ असतील तर अल्कलिनिटीही जुळवावी. ती ७ ते ११ डीकेएचमध्ये कुठेही चालते, मात्र आज ७ आणि उद्या ११ असे होता कामा नये.

पाणी बदलण्याचा दिवस

सर्वांत आधी काच घासावी, म्हणजे सुटलेले शैवाल निघणाऱ्या पाण्याबरोबर जाते. मग हात कोपरापर्यंत साध्या पाण्याने स्वच्छ धुवावेत. साबण, अत्तर, सॅनिटायझर किंवा डास पळवणारे मलम हातावर असेल तर हातमोजे घालावेत. त्यानंतर हीटर, पंप आणि प्रोटीन स्किमर यांची वीज बंद करावी. गोव्यात हीटर फारसा लागत नाही, पण बेळगावकडच्या थंडीत तो लागतो. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापलेला हीटर थंड पाणी लागताच तडकतो. भारित तारेशी खाऱ्या पाण्याचा संबंध आला तर काय होते ते सांगायला नको. पेटीच्या जोडणीवर गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी असणे ही चैन नव्हे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातच ठिबकते.

पाणी काढायला साधी पारदर्शक नळी पुरते. तोंडाने ओढून सायफन सुरू करण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. नळी आधी पाण्याने भरून किंवा दाबाच्या रबरी फुग्याने ती सुरू करता येते. नळीचे रुंद टोक वाळूत थोडे खुपसले की वाळू वर उसळते, घाण निघून जाते आणि जड कण परत खाली बसतात. एका वेळी वाळूचा एक-तृतीयांश भागच असा धुवावा, उरलेला पुढच्या खेपांना. वाळूतील जिवाणू हेच पेटीचे खरे गाळणयंत्र आहे. सगळी वाळू, सगळे दगड आणि सगळे स्पंज एकाच दिवशी लखलखीत केले तर तेच धुऊन जाते. स्पंज धुवायचे ते काढलेल्या खाऱ्या पाण्यात. नळाखाली धरले तर क्लोरीन जिवाणूंचा निकाल लावते. चार-पाच इंच खोल वाळूचा थर बऱ्याच काळात हलवलेला नसेल तर तो अजिबात ढवळू नये. त्यात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो.

दगडांच्या मागचा कोपरा पाहायला विसरू नये. प्रवाह मंद असल्याने अन्नाचा गाळ तिथेच जमतो. नवे पाणी हळूहळू, एखाद्या बशीवर किंवा दगडावर ओतावे, म्हणजे वाळूत खड्डा पडत नाही. पातळी आधीच्या खुणेला आली की पंप सुरू करावा, हीटर पंधरा-वीस मिनिटांनी. शंभर लिटरच्या पेटीला सगळे मिळून अर्धा-पाऊण तास पुरतो. तारीख, लवणता, तापमान, नायट्रेट एवढे चार आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. मासा आजारी पडतो त्या दिवशी आठवणीपेक्षा ही वहीच उपयोगी पडते.

काच

काचेवर काय चढले आहे ते पाहून पेटीचे वय आणि प्रकृती दोन्ही सांगता येतात. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी भुकटी दिसते. ते डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारे एकपेशीय जीव. स्पंजने पुसताच ते जातात आणि सिलिकेट संपले की बहुधा स्वतःच ओसरतात. त्यानंतर हिरवा पातळ थर येतो. तो दर दोन-तीन दिवसांनी दिसणे स्वाभाविक आहे. आज पुसलेली काच उद्या पुन्हा हिरवी होत असेल तर अन्न जास्त आहे, दिवा फार वेळ जळतो आहे किंवा खिडकीचे ऊन पेटीवर येते आहे. दिवा आठ तास पुरतो. लालसर किंवा जांभळा, चिकट, पापुद्र्यासारखा सुटणारा थर म्हणजे शैवाल नव्हे, तर सायनोबॅक्टेरिया. तो घासून पाण्यात पसरवू नये, नळीने ओढून काढावा आणि प्रवाह वाढवावा. गुलाबी-जांभळे, खडूसारखे कठीण ठिपके म्हणजे कोरलाइन शैवाल. ते आरोग्याचे लक्षण आहे. मागच्या आणि बाजूच्या काचेवर ते राहू द्यावे. त्याने पेटीला समुद्रतळाचा रंग येतो आणि श्रमही वाचतात.

रोजच्या थराला चुंबकी घासणी सोयीची. एक तुकडा आत, दुसरा बाहेर, आणि हातही भिजत नाही. चुंबकाची ताकद काचेच्या जाडीला साजेशी हवी. कमजोर असेल तर आतला तुकडा सारखा गळून पडतो. जास्तीत जास्त काचा या घासणीनेच खराब होतात, कारण वाळूचा एखादाच कण तिच्या आणि काचेच्या मध्ये सापडला तरी खोल चरा उमटतो आणि तो पाणी भरलेल्या पेटीत निघत नाही. म्हणून घासणी वाळूच्या थरापासून दोन बोटे वरच थांबवावी. खाली पडलीच तर बाहेर काढून खळखळून धुवावी, मगच पुन्हा लावावी. वाळूलगतची पट्टी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हाताने खरवडावी. घासणी पेटीत कायम सोडून देण्याची सवयही वाईट. तिच्या कापडात कण आणि गोगलगाईंची पिल्ले अडकतात.

कोरलाइनसाठी पाते लागते. काचेवर स्टेनलेस स्टीलचे पाते तीस-चाळीस अंशांत तिरपे धरून एका दिशेने ओढावे. कोपऱ्यांतील सिलिकॉनच्या सांध्यापासून ते दूर ठेवावे, कारण तिथला एक काप म्हणजे पुढे कधीतरी जमिनीवर आलेले शंभर लिटर पाणी. काम झाल्यावर पाते गोड्या पाण्यात धुऊन कोरडे करावे. गंजलेले पाते टाकून द्यावे. पेटी काचेची नसून ॲक्रिलिकची असेल तर यांतले काहीच चालत नाही. ॲक्रिलिक नखानेही ओरखडते. तिथे फक्त मऊ कापड आणि ॲक्रिलिकसाठी बनवलेली प्लास्टिकची पट्टी. पेटी कशाची आहे याची खात्री नसेल तर बोटाने टकटक करून पाहावे. काच थंड लागते आणि खणखणीत वाजते, ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो.

बाहेरच्या बाजूला वेगळीच अडचण असते. पाण्याचे तुषार सुकून कडेला, झाकणावर आणि वायरींवर मिठाची पांढरी पुटे चढतात. ती आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावीत. सुकी खरवडली तर काच घासली जाते आणि मीठ पेटीत पडते. खिडक्यांची काच पुसण्याचे फवारे पेटीच्या आसपास मारू नयेत. त्यांतील काहींत अमोनिया असतो आणि तुषार पाण्यावर उतरतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्यावर ओतावे, काचेवर नव्हे. हेच द्रावण पंप व स्किमर सुटे करून तासभर भिजवायलाही चांगले. त्याने कॅल्शियमचा थर विरघळतो. नंतर भाग भरपूर पाण्याने धुवावेत.

गोगलगाई ठेवल्या की काच पुसावी लागत नाही, असे विक्रेते सांगतात. ट्रोकस, टर्बो आणि नेराइट या जाती काम करतात, हे खरे. पण त्या काचेवर वेड्यावाकड्या वाटा काढतात, पूर्ण काच कधीच साफ करत नाहीत. शंभर लिटरला पाच-सहा पुरे. जास्त ठेवल्यास शैवाल संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि कुजून पुन्हा अमोनियाच वाढवतात.

खरवडताना हाताला जखम नसावी. खाऱ्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू कातडीतून शिरून महिनोन्महिने न बऱ्या होणाऱ्या गाठी निर्माण करतो. अशी गाठ उठली तर पेटीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा, नाहीतर निदान चुकण्याचा संभव असतो. काचेवर किंवा दगडावर बटणांसारखे झोअँथिड वाढले असतील तर सावधगिरी आणखी वाढवावी. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. ते खरवडू नयेत, त्यांवर गरम पाणी ओतू नये आणि ते असलेला दगड तर मुळीच उकळू नये. वाफेतून विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

पाऊस, धूर आणि चवथ

आपल्याकडची काही निमित्ते पुस्तकांत सापडत नाहीत. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते. पाण्याचा प्रवाह थांबला की प्राणवायू झपाट्याने घटतो. बॅटरीवर चालणारा लहान एअरपंप घरात असावा आणि वीज नसताना मासे खाऊ मागत असले तरी अन्न टाकू नये. एप्रिल-मेमध्ये पाण्याचे तापमान तिशीपार जाते, तर माशांना २४ ते २७ अंश बरे. पृष्ठभागावर पंखा सोडल्यास ते दोन-तीन अंश उतरते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत मात्र तो परिणाम कमी होतो आणि बाष्पीभवन वाढल्याने गोडे पाणी घालण्याचे काम वाढते. बर्फाचे तुकडे थेट पाण्यात टाकू नयेत. बंद बाटलीत बर्फ करून ती तरंगत ठेवावी. डासांसाठी गल्लीत धुराची फवारणी येते तेव्हा एअरपंप बंद करून पेटी ओल्या चादरीने झाकावी आणि खिडक्या लावून घ्याव्यात. त्या धुरात बहुधा वापरली जाणारी पायरेथ्रॉइड द्रव्ये मासे आणि कोळंबी यांना फार विषारी असतात आणि एअरपंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलत असतो.

चवथीला मूळ घरी पाच-सात दिवस जायचे असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलू नये. काही चुकले तर पाहायला कोणी नसते. तीन-चार दिवस आधी बदलावे. शेजाऱ्याकडे किल्ली देताना अन्नाचा डबा न देता दिवसागणिक बांधलेल्या पुड्या द्याव्यात आणि गोड्या पाण्याच्या बाटल्यांवर ‘रोज एक’ असे लिहून ठेवावे. निरोगी मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी राहिले तरी काही बिघडत नाही. शेजाऱ्याच्या प्रेमळ हाताने दिलेल्या जादा अन्नाने मात्र बिघडते.

काढलेल्या पाण्याचे काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. गोड्या पाण्याच्या पेटीचे पाणी झाडांना खत म्हणून घालता येते. खारे पाणी तुळशीला किंवा माडाव्यतिरिक्त इतर बागेला घातले तर झाडे करपतात, आणि विहिरीजवळच्या मातीत नियमित ओतले तर क्षार विहिरीत झिरपतात. ते सांडपाण्याच्या गटारात, सोबत भरपूर साधे पाणी सोडून घालवावे. पेटी बंद करायची वेळ आली तरी तिच्यातील मासे, शैवाल किंवा दगड समुद्रात वा खाडीत सोडू नयेत. कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचे मत्स्यपेट्यांत वाढवले जाणारे शैवाल १९८४ मध्ये मोनॅको येथील समुद्रविज्ञान संग्रहालयाबाहेरच्या पाण्यात प्रथम आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो एकर पसरले. पेटीतील जीव दुसऱ्या छांदिष्टाला किंवा विक्रेत्याला परत द्यावेत. उलट बाजूने, ग्रँडे बेटाजवळ किंवा मालवणला पाण्यात उतरल्यावर सुंदर दिसला म्हणून प्रवाळाचा तुकडा वा समुद्रघोडा पेटीसाठी उचलून आणणे हा गुन्हा आहे. दोघांनाही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.